पेट्राच्या कबरी : आत जाण्यापूर्वी चार शब्द

जॉर्डनमधल्या पेट्रा नगरीतली सर्वांत प्रसिद्ध कबर 'खझ्ने' या नावाने ओळखली जाते. शब्द अरबी असला तरी मराठी कानाला परका नाही. आपला खजिना तो हाच. सुमारे ४० मीटर उंचीच्या त्या कोरीव दर्शनी भागाच्या माथ्यावर एक दगडी कलश आहे. मिसरच्या फिरौनने आपले धन त्यात दडवले, अशी तिथल्या बदूंची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. कलश फुटावा म्हणून झाडलेल्या गोळ्यांचे व्रण त्यावर आजही दिसतात. कलश अर्थातच भरीव आहे. सबंध इमला डोंगरातून कोरून काढलेला, तेव्हा त्याच्या पोटात धन ठेवायला जागाच नव्हती.

या समजुतीला हसण्याचा हक्क निदान आम्हा अभ्यासकांना तरी नाही. आम्हीही दीर्घकाळ त्याच कलशाकडे, त्याच खांबांकडे आणि कमानींकडे टक लावून बसलो. कोणता खांब कोणत्या वळणाचा, कोणती नक्षी अलेक्झांड्रियाहून आली, कोणती मेसोपोटेमियातून, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या मेलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न मागे राहिला. पेट्राच्या कबरींचा अभ्यास आता कुठे दर्शनी भिंत ओलांडून आत शिरू लागला आहे. या विषयात नव्याने येणाऱ्याचे भाग्य हे की तो अशा वेळी येतो आहे.

सुरुवात नावापासून करू. 'पेट्रा' हे ग्रीक नाव. त्याचा अर्थ खडक. नबाती लोक आपल्या राजधानीला रक्मू म्हणत. मृत समुद्र आणि अकाबाचे आखात यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात, वाळूच्या दगडांच्या कड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत आणि तिच्या उतारांवर हे शहर वसले. पूर्वेकडून आत यायला 'सिक' नावाची अरुंद घळ आहे, लांबी साधारण सव्वा किलोमीटर. तिच्या तोंडाशी कड्यावर एक छोटा लेख आहे. पेट्रायोस नावाचा कुणी माणूस रक्मूत राहत होता, गर्शू म्हणजे आजच्या जेराशमध्ये वारला आणि तिथेच त्याला पुरले, एवढीच हकिकत त्यात आहे. देह परगावी, खूण मात्र आपल्या गावच्या वेशीवर. या खुणेला नबाती भाषेत 'नेफेश' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ जीव, आत्मा. त्यावरून मृताच्या आठवणीसाठी उभारलेला किंवा कोरलेला, बहुधा वर निमुळता होत जाणारा दगड. जीव आणि दगड यांना एकच शब्द कसा, म्हणून परदेशी विद्यार्थी अडखळतात. मराठी माणसाने अडखळू नये. योग्याची समाधी आणि त्याच्यावरचा दगडी चौथरा, दोन्हींना आपण एकाच नावाने ओळखतो. कबरीसाठी नबाती लेखांत येणारा एक शब्द तर 'कबर'च्या इतका जवळचा आहे की तो समजावून सांगायचीही गरज नाही.

हे लोक मुळात कबरी बांधणारेच काय, घरे बांधणारेही नव्हते. इ. स. पू. ३१२ मध्ये सिकंदराचा एक सेनापती अँटिगोनस याच्या फौजांनी त्यांच्यावर चाल केली. त्या प्रसंगाच्या निमित्ताने डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की धान्य पेरणे, फळझाडे लावणे, मद्य पिणे आणि घर बांधणे या गोष्टी नबात्यांत निषिद्ध आहेत आणि नियम मोडणाऱ्याला देहदंड आहे. घर असले की राजा वाकवतो, हा त्यामागचा हिशेब. तीन शतके उलटतात आणि याच लोकांचे वंशज अख्खे डोंगर कोरून मृतांची घरे उभी करतात. मधल्या काळात धूप, बोळ आणि मसाले यांच्या वाहतुकीवर त्यांनी अमाप पैसा केला होता. ज्या ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठण, तगर (आपले तेर) आणि कल्याण यांचे उल्लेख सापडतात, त्याच वहीत तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून पेट्राकडे, नबात्यांचा राजा मलिखस याच्याकडे जाणारी वाट नोंदलेली आहे. दख्खनचा माल आणि पेट्राचा माल एकाच व्यापारी जगात फिरत होता. याहून जवळचे नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा. पेट्राला आपल्या लेण्यांनी किंवा आपल्या लेण्यांना पेट्राने काही शिकवले, याला पुरावा नाही.

मोह होतो, हे मान्य. खडकात कोरलेले काहीही दिसले की मराठी माणसाच्या तोंडून 'लेणे' हा शब्द निघतो. पण आपली कार्ले, भाजे, अजिंठा ही लेणी प्रामुख्याने जिवंत भिक्षूंच्या राहण्यासाठी आणि उपासनेसाठी कोरली गेली. मृतांच्या स्मरणाची सर्वांत जवळची खूण शोधायची तर कान्हेरीच्या डोंगरातल्या त्या ओळीकडे जावे लागेल, जिथे दिवंगत भिक्षूंच्या आठवणीचे स्तूप रांगेने उभे आहेत. पेट्रात उलटी स्थिती आहे. जिवंतांची घरे दगडमातीची, उतारावरच्या गच्च्यांवर बांधलेली. त्यांतली बरीचशी भूकंपांनी पाडली, ३६३ सालच्या भूकंपाने तर फारच. मृतांची घरे डोंगराचाच भाग असल्याने टिकली. म्हणून आज पेट्रा हे कबरींचे शहर वाटते. ते तसे नव्हते. बाजार, मंदिरे, नाट्यगृह, पाण्याचे पाट आणि टाकी असलेले ते गजबजलेले गाव होते आणि कबरी त्याच्या कडेकडेने, येण्याजाण्याच्या वाटांवर, घरांच्या नजरेच्या टप्प्यात होत्या. नबाती आपल्या मृतांना दूर नेऊन टाकत नव्हते.

इथे स्ट्रॅबोची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे; या क्षेत्रातला माझा सर्वांत आवडता पेच तो आहे. स्ट्रॅबो हा भूगोलकार ऑगस्टसच्या काळातला. पेट्रात राहून आलेला त्याचा एक विद्वान मित्र होता, अथेनोडोरस. त्याच्याकडून आलेली बरीच माहिती स्ट्रॅबो विश्वासाने देतो. नबाती तेरा-तेरा जणांच्या पंगती करतात, प्रत्येक पंगतीला दोन गाणाऱ्या मुली असतात, अकरा पेल्यांच्या वर कुणी पीत नाही, हे सारे त्याच्याकडून कळते. आणि मग तो बिनदिक्कत लिहितो की नबाती लोक प्रेताला शेणामातीइतकीच किंमत देतात आणि आपल्या राजांनासुद्धा उकिरड्याशेजारी पुरतात. डोळ्यांसमोर आभाळाला भिडणाऱ्या शेकडो कबरी असताना हे वाक्य कुठून आले? एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच पंडित क्लेर्माँ-गानो याने एक उलगडा सुचवला. नबाती लेखांत कबरीसाठी दुसरा एक शब्द येतो, 'कफ्रा'. ग्रीक भाषेत 'कोप्रोस' म्हणजे शेण, विष्ठा. नबाती माणसाने सांगितले असेल, 'राजांना कफ्रात ठेवतो'. ऐकणाऱ्या ग्रीकाने आपल्या भाषेतला शब्द ऐकला. हा उलगडा सर्वांना पटलेला नाही. मृतदेह काही काळ उघड्यावर ठेवून नंतर अस्थी गोळा करण्याची प्रथा असावी आणि स्ट्रॅबोची नोंद तिचाच विपर्यास असावा, असेही काहींचे म्हणणे आहे. माझे मत क्लेर्माँ-गानोच्या बाजूने झुकते. एका कानाने ऐकलेला शब्द दुसऱ्या भाषेत कसा वेष बदलतो, हे इंग्रजी अमदानीतले गावांचे नकाशे पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता अडचणीची गोष्ट. पेट्रात कोरीव दर्शनी भाग असलेल्या सहाशेहून अधिक कबरी आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या मुक्या आहेत. कुणाची, कधीची, कुणी कोरली, काही लिहिलेले नाही. 'राजांच्या कबरी' म्हणून दाखवतात त्या राजांच्या असतील, पण तसे सांगणारा लेख तिथे नाही. रोमन अंमलातला प्रांताधिकारी सेक्स्टियस फ्लोरेंटिनस याच्या कबरीवर लॅटिन लेख आहे, पण तो दुसऱ्या शतकातला आणि रोमन माणसाचा. नबाती लिपीतला लांबलचक लेख असलेली दर्शनी भिंत पेट्रात एकच, तुर्कमानिय्या नावाची. तिचा खालचा अर्धा भाग झिजून गेला आहे. वरच्या पाच ओळी शाबूत आहेत. त्यात कबरीचा मोठा दालन-भाग, आतले छोटे दालन, पुरण्याचे कप्पे, पुढचे अंगण, ओसरी, पंगतीची जागा, बाग, पाण्याची टाकी, भिंती असा सगळा तपशील येतो आणि ही सर्व मिळकत दुशरा देवाची व इतर देवांची आहे, तिच्यात कुणी फेरफार करू नये, असे बजावलेले आहे. सातबाऱ्यावर शेताची हद्द, विहीर आणि झाडे नोंदवावीत तशी ही यादी आहे. फक्त मालकाचे नाव नाही! पाच ओळींत बागेचा उल्लेख करायला जागा होती, नावाला नव्हती. देवाच्या नावे लावलेल्या मिळकतीवर माणसाचे नाव लावू नये असा संकेत असेल किंवा नाव खाली झिजलेल्या भागावर असेल. मला पहिली शक्यता अधिक भावते, पण ती भावणे हा पुरावा नव्हे.

मुक्या पेट्राला वाचा फुटते ती साडेचारशे-पाचशे किलोमीटर दक्षिणेला, आजच्या सौदी अरेबियातल्या हेग्रा येथे. मदाइन सालिह हे त्याचे दुसरे नाव. नबाती राज्याचे हे दक्षिण टोक. इथे १११ मोठ्या कबरी आहेत, पैकी ९४ कोरीव दर्शनी भागाच्या. पेट्राच्या मानाने त्या साध्या. पण त्यांच्यापैकी तिसाहून अधिक कबरींच्या दारावर चौकटीत कोरलेले लेख आहेत आणि बहुतेकांवर राजाच्या राज्यवर्षाची तारीख आहे. हारिथत या राजाचे (इ. स. पू. ९ ते इ. स. ४०) नाव वारंवार येते, 'आपल्या प्रजेवर प्रेम करणारा' या त्याच्या बिरुदासह. लेखांचा साचा ठरलेला: ही कबर अमक्याने स्वतःसाठी, मुलाबाळांसाठी आणि वारसांसाठी केली, हिच्यात दुसऱ्याला पुरू नये, ही विकू, विकत घेऊ, गहाण ठेवू किंवा भाड्याने देऊ नये, जो तसे करील त्याला देवांचा शाप लागो आणि शिवाय त्याने देवाला इतका व राजाला तितका दंड भरावा. शेवटी कधीकधी पाथरवटाचे नावही. पेट्राच्या एवढ्या प्रचंड कोरीवकामामागच्या एकाही हाताचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण हेग्राचा पाथरवट अफ्तह, अब्दओबोदतचा मुलगा, दोन हजार वर्षांनंतरही आपल्या ओळखीचा आहे.

हे लेख वाचताना मला दर वेळी आपले गधेगाळ आठवतात. शिलाहारकाळात कोकणात दानाच्या जमिनीच्या बांधावर उभे केलेले ते दगड: वर चंद्रसूर्य, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली ती उघडीवाघडी शिवी. काळ वेगळा, धर्म वेगळा, दगड वेगळा. तरी दगडावर शाप कोरण्यामागची काळजी एकच, की आपल्यामागे आपली मिळकत कुणी लाटू नये. फरक आहे तो दंडात. हेग्रात शापावर विसंबून कुणी थांबत नाही. रक्कम सांगितली जाते, ती कुणाला भरायची तेही सांगितले जाते आणि एका लेखात तर त्याची नक्कल देवळात जमा केल्याची नोंद आहे. दगडावर आपण वाचतो ती प्रत म्हणायची, अस्सल दस्त देवळाच्या दप्तरात.

आणि या दस्तांत बायका आहेत. कमकम नावाची स्त्री आणि तिची मुलगी कुलैबत यांनी मिळून आपल्यासाठी आणि आपल्या वारसांसाठी कबर करवली. इतरही लेखांत कबरीच्या धनिणी म्हणून स्त्रिया येतात, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अधिकाराने. पेट्राच्या भव्य दर्शनी भागांकडे पाहून नबाती समाजाचे जे चित्र मनात उभे राहते, ते या चार-पाच ओळींच्या लेखांनी पार बदलून जाते.

हेग्राने आणखी एक भ्रम मोडला. जर्मन पंडित ब्रुनो आणि डोमाझेव्स्की यांनी १८९७ आणि १८९८ मध्ये पेट्राची पाहणी केली आणि १९०४ मध्ये तिचा थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक कोरीव वास्तूला दिलेला क्रमांक आजही चालतो. खझ्ने म्हणजे ६२, उनैशूची कबर म्हणजे ८१३. या क्षेत्रात वावरणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ होतात. त्यांनी कबरींचे प्रकार पाडले: माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांची एकच ओळ असलेल्या, दोन ओळींच्या, दोन टोकांना अर्ध्या पायऱ्या असलेल्या, आणि शेवटी ग्रीक पद्धतीच्या खांबांच्या व कमानींच्या. मग साध्याकडून अवघडाकडे अशी ही काळाची शिडी मानली गेली. तर्क सोपा आणि सुंदर होता. हेग्राच्या तारखा नीट लावल्यावर दिसले की साधे आणि भारी प्रकार एकाच पिढीत, कधीकधी शेजारी-शेजारी कोरले जात होते. ज्याच्याकडे पैसे जास्त त्याची दर्शनी भिंत मोठी. काळाची शिडी समजलेली ती ऐपतीची शिडी निघाली. नक्षीवरून शतके मोजणाऱ्या प्रत्येकाने, आपल्या लेण्यांच्या अभ्यासकांनीही, ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

कोरण्याच्या तंत्राबद्दल थोडक्यात. वेरूळचे कैलास पाहिलेल्याला ते सांगावे लागत नाही: काम वरून खाली. पेट्रातल्या अल्-हबीस टेकडीच्या पायथ्याशी एक अर्धवट सोडलेली कबर आहे. तिच्यात खांबांची शीर्षे घडून तयार आहेत आणि त्यांच्याखाली नुसता कातळ. कैलासच्या बेसॉल्टहून हा दगड पुष्कळ मऊ. लोह आणि मँगनीजच्या संयुगांनी त्यात गुलाबी, पिवळे, जांभळे पट्टे उमटलेले. पर्यटक त्या रंगांवर भाळतात. पाथरवटाला त्यांचे कौतुक असेलच असे नाही, कारण काही भिंतींवर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष सापडतात. दगडाचा मऊपणाच आता जिवावर उठला आहे. पाण्याबरोबर येणारे क्षार आणि वारा कोरीव कडा दरवर्षी खाताहेत.

पेट्रातल्या प्रत्येक कोरीव दालनाला कबर म्हणू नये. अल्-देर ही सुमारे ४७ मीटर रुंदीची वास्तू खझ्नेहून मोठी, पण तिच्यात पुरण्याचे कप्पे नाहीत. ती एकत्र जमण्याची, उपासनेची जागा असावी. अनेक कबरींच्या शेजारी तिन्ही बाजूंना ओटे असलेली दालने आहेत, ती पंगतीची. मृताच्या आठवणीने नातलग तिथे जमत, जेवत, पीत. स्ट्रॅबोचा तेराचा आकडा आणि आपले तेरावे यांची सांगड घालू पाहणारा विद्यार्थी दर एकदोन वर्षांनी भेटतोच. त्याला नाउमेद करू नये. पंगतीचे ओटे मोजायला पाठवावे.

आणि सामान्य माणसांचे काय? दर्शनी कबरी सहाशे असल्या, तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहरातली सारी माणसे त्यांत मावणे शक्य नाही. शहराच्या उत्तरेकडच्या कण्यावर, नॉर्थ रिजवर, अलीकडच्या उत्खननांत जमिनीत उभ्या विहिरीसारख्या उतरणाऱ्या आणि तळाशी कोठडी असलेल्या कबरी उघडल्या गेल्या. वर कमान नाही, खांब नाहीत. आत मात्र एकाच कोठडीत अनेकांच्या अस्थी, मडकी, मणी. कोठडी पुन्हापुन्हा उघडली गेली, जुने सरकवून नव्यांना जागा केली गेली. पेट्राचा खरा समाज इथे आहे. हाडांवरून वय, आजार, कामाचा ताण, खाणेपिणे वाचणारे अभ्यासक आता या क्षेत्रात आले आहेत, आणि मी आज विद्यार्थी असतो तर खांबांच्या शीर्षांऐवजी दात वाचायला शिकलो असतो.

शेवटचा एक गैरसमज. पेट्रा 'हरवले' होते आणि १८१२ मध्ये 'सापडले', असे सर्रास लिहिले जाते. त्या वर्षी २२ ऑगस्टला शेख इब्राहीम या नावाने, मुसलमानी वेषात फिरणारा स्विस प्रवासी बुर्कहार्ट तिथे पोचला; हारूनच्या दर्ग्याला बकरा अर्पण करायचा नवस आहे, हा त्याचा बहाणा. वाट दाखवणारा माणूस तिथलाच होता. हरवले होते ते युरोपला. कलश-कबर नावाची वास्तू पाचव्या शतकात, ४४६ मध्ये, चर्च झाली होती; त्यानंतरही मृतांच्या या दालनांत माणसे राहत आली. ब्दूल जमातीची कुटुंबे १९८५ पर्यंत तिथे संसार करत होती, त्याच वर्षी पेट्रा जागतिक वारसास्थळ झाले आणि त्यांना शेजारच्या उम्म सैहून या नव्या वस्तीत हलवण्यात आले. कबरींच्या छतावरची काजळी त्यांच्या चुलींची आहे. ती पुसून 'मूळ' नबाती पृष्ठभाग दाखवावा असे म्हणणारे भेटतात. ती काजळीही पुराव्यातच मोडते, असे माझे ठाम मत आहे.

तुम्ही कधी तिथे गेलात तर सिकमधून बाहेर पडताच खझ्ने समोर येईल. ते पोटभर पाहून घ्या, छायाचित्रेही काढा. मग मान खाली घालून पायाशी पाहा. समोरच्या पटांगणात एक लोखंडी जाळी आहे. २००३ मध्ये इथे खोदकाम झाले तेव्हा दर्शनी भागाच्या पातळीखाली, काही मीटर गाळाच्या थराखाली, खझ्नेच्या आधी कोरलेल्या कबरी निघाल्या. २०२४ मध्ये तिथेच आणखी एक उघडली, तीत बारा माणसांचे सांगाडे होते. दोनशे वर्षे जगभरचे लोक त्यांच्या डोक्यावर उभे राहून कलशाकडे पाहत होते.